छाटून टाकलेला तीन

गणिताच्या मास्तराची चूक डस्टरने पुसता येते, हा गैरसमज मी बरीच वर्षं सुखाने सांभाळला. फळ्यावरची पुसते. वहीतली तशीच राहते, आणि वही एसटीत बसून, जीपमध्ये चढून डोंगरात निघून जाते. हे मला कळलं ते एका शनिवारी भर उन्हात, कुडपणकडच्या चढावर, मोटारसायकल पहिल्या गिअरवर रडत असताना.

महाडला एका खाजगी क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. राहायला दासगावला. पोरं येतात ती महाडची, पोलादपूरची आणि वरच्या वाड्यांमधली. शिकवतो बरा, असं लोक म्हणतात. निदान माझ्यासमोर म्हणतात. पण एक खोड आहे. कुठलीही रीत शिकवली की मला तिची म्हण केल्याशिवाय राहवत नाही. यमक जुळलं की मी खूश, आणि यमक पोरांना पाठ झालं की मला वाटतं गणितही झालं.

सीईटीच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यातला तो मंगळवार, आणि क्लासचा शेवटचा दिवस. विषय, परिमेय राशीचा प्रांत. नाव भारदस्त आहे, काम साधं. वर एक राशी, खाली एक राशी, मध्ये रेघ. एक्सच्या जागी कुठले आकडे चालतात आणि कुठले चालत नाहीत, एवढं सांगायचं. ज्या आकड्याने खालचा छेद शून्य होतो तो वर्ज्य, कारण शून्याने भागता येत नाही. वर्ज्य सोडून जे उरले ते सगळे म्हणजे प्रांत. संपलं.

मी फळ्यावर लिहिलं: वर एक्स वर्ग वजा नऊ, खाली एक्स वर्ग वजा एक्स वजा सहा. अवयव पाडले. वर आले एक्स वजा तीन आणि एक्स अधिक तीन. खाली एक्स वजा तीन आणि एक्स अधिक दोन. वर-खाली तोच एक्स वजा तीन दिसला मात्र, माझ्या अंगात यमक आलं.

"आधी छाटा, मग छेद गाठा," मी म्हणालो.

आणि खणाखण दोन रेघा मारून दोन्ही एक्स वजा तीन छाटले. खाली राहिला एक्स अधिक दोन. म्हणजे उणे दोन तेवढा वर्ज्य, बाकी सगळे आकडे चालतात. एका मिनिटात उत्तर. मागच्या बाकावर पोलादपूरची पोरं एकमेकांच्या कानाला लागली होती. शेवटच्या दिवशी तरी गप्प बसा, म्हणून मी त्यांना झापलं. ती गप्प बसली. मला वाटलं, वचक आहे.

शनिवारी दुपारी महाडच्या स्टँडसमोर चहा पीत होतो. बरोबर फिजिक्सचे सर. हा माणूस माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, स्वभावाने कोरडा, आणि माझ्या म्हणी ऐकताना चेहरा असा ठेवतो जसा दाढ काढताना ठेवतात. नवी म्हण मी त्यांना ऐकवली. उदाहरणासकट ऐकवली. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तीन घालून बघितलास?"

"कशात?"

"मूळ राशीत. वर काय येतं?"

"नऊ वजा नऊ. शून्य."

"खाली?"

मी चहाचा घोट घेतला.

"खाली काय रे?"

नऊ वजा तीन वजा सहा. खाली पण शून्य. शून्य भागिले शून्य. म्हणजे तीनही चालत नव्हता. मी त्याला छाटलं आणि छाटल्यावर विचारलं, कोणाला अडचण आहे का? जो अडचण सांगणार होता त्यालाच मी आधी फळ्यावरून हाकललं होतं. सुटसुटीत केलेल्या राशीला तीन चालतो, पण प्रश्न मूळ राशीचा होता. वर्ज्य आकडे काय ते छाटायच्या आधी हेरून ठेवायचे असतात. माझी म्हण बरोबर उलटी होती, आणि परीक्षेत असल्या उलट्या माणसांसाठी एक पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

मी तिथेच मोबाइल काढून बॅचच्या ग्रुपवर लिहिलं, 'मंगळवारच्या म्हणीत थोडी सुधारणा आहे.' 'थोडी' हा शब्द टाकायला मला अर्धा कप चहा लागला. खाली बरोबर रीत लिहिली. मिनिटभरात उत्तर आलं: 'सर, ते आम्ही त्याच दिवशी एसटीत केलं.' दुसरीने लिहिलं, 'हो सर, रिपेअर झालं.' खोदून विचारल्यावर कळलं ते असं, की पोलादपूरची सगळी पोरं परतीच्या एसटीत मागच्या सीटवर बसून माझा अख्खा तास पुन्हा तपासतात. दोन वर्षं हे चाललंय. त्याला ती 'रिपेअर' म्हणतात. मी महाडला शिकवतो आणि माझं गणित पोलादपूरला बरोबर होतं. फिजिक्सच्या सरांना हे वाचून दाखवलं तर तो माणूस पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

मलाही हसायला आलं असतं. पण एका मुलीच्या नावापुढे संदेशाची एकच खूण दिसत होती. पोचलाच नव्हता.

ही मुलगी कुडपणच्या अलीकडच्या एका वाडीतली. पोलादपूरपर्यंत एसटीने न जाता ती गावच्या एका जीपने जाई-येई, कारण जीप तिला थेट वाडीच्या फाट्याला सोडी. त्यामुळे मागच्या सीटवरच्या रिपेअरमध्ये ती कधीच नव्हती. तिच्याकडे माझा माल कंपनीतून निघाला तसाच पोचायचा. आणि माझ्या म्हणींवर तिचा इतका विश्वास, की कंपासपेटीच्या झाकणाच्या आत तिने त्या बारीक अक्षरात लिहून काढल्या होत्या. तिला शेतकी कॉलेज हवं होतं. मागच्या वर्षी एका प्रश्नाने, म्हणजे खरोखरच एका प्रश्नाएवढ्या गुणांनी, तिचं नाव यादीबाहेर राहिलं. वडिलांनी आणखी एक वर्ष दिलं. यंदाही नाही जमलं तर मुंबईला मावशीकडे जाऊन मिळेल त्या कामाला लागायचं, असं घरात ठरलेलं. हे तिनेच मला सांगितलं होतं, अगदी सहज, वही उघडता उघडता. तिचा पेपर सोमवारी सकाळी होता.

तिला फोन लावला. लागला नाही. वडिलांना लावला. तोही नाही. वाडीत रेंज नाही, एका कातळावर उभं राहिलं तर येते, असं ती म्हणायची. आता त्या कातळावर कोण कशाला उभं राहील?

"सोमवारी गेटवर सांग," फिजिक्सचे सर म्हणाले.

पण गेटवर सांगितलेलं डोक्यात बसत नाही, आधीचं बसलेलं मात्र हलवतं. मी उठलो. बसलो. पुन्हा उठलो. शंभरातला एक प्रश्न, तोही येईलच असं नाही, आला तर तिला आपसूक सुचेल, असं स्वतःला समजावत होतो आणि खिशात गाडीची किल्ली चाचपत होतो. शेवटी निघालो.

निघालो तो तडफेने निघालो. डोक्यात तीन, शून्य, यादी, मावशी. अंगाला वारा लागला, बरं वाटलं. डाव्या हाताला सावित्री नदी दिसली तेव्हा लक्षात आलं की मी दासगावच्या दिशेला, म्हणजे रोजच्यासारखा घरी चाललोय. पोलादपूर बरोबर पाठीमागे. गाडी वळवली. चहाच्या टपरीसमोरून पुन्हा जावं लागलं. फिजिक्सचे सर अजून तिथेच होते. त्यांनी हात केला नाही, नुसती मान हलवली.

पोलादपूरपर्यंत ठीक होतं. पुढे महामार्ग सोडला आणि चढ लागला. एप्रिलचं ऊन, पिवळं पडलेलं गवत, वळणावर वळण. वाडीचं नाव मला माहीत होतं, फाटा माहीत नव्हता. एका म्हातारबाबांना विचारलं तर त्यांनी आधी माझंच गाव, मग आडनाव, मग महाडात कुठं असता, हे सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाले, फाटा मागं गेला. परत मागे. एका काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोणाकडं जायचं? मी मुलीचं नाव सांगितलं, तर त्या गाडीकडे आणि माझ्याकडे असं काही बघू लागल्या की मी घाईघाईने सांगितलं, मी मास्तर आहे, गणिताचा. त्यांचा विश्वास बसला की नाही माहीत नाही, रस्ता मात्र दाखवला.

वाडीत पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. सगळी वाडी उतारावर. गाडी उभी करावी तर स्टँड टिकेना. तेवढ्यात वरच्या अंगाला एक छान सपाट जागा दिसली. घडीव दगडाचं जोतं, त्यावर आंब्याची सावली. एवढ्या उतारावर जणू माझ्याचसाठी करून ठेवलेलं. मी गाडी वर चढवली आणि स्टँडवर लावली.

"ती गाडी काढा तिथनं."

खालच्या घराच्या ओट्यावर एक गृहस्थ काजूच्या बिया वाळत घालत होते. मुलीचे वडील. मी ओळख सांगितली. त्यांनी नमस्कार केला, मुलीला हाक मारली, "गो, सर आलंत तुझं," आणि परत माझ्याकडे वळून तेच म्हणाले. गाडी तिथनं काढा.

मला वाटलं, देवाबिवाची जागा असेल. तसं नव्हतं. त्यांचं जुनं घर तिथे होतं, डोंगराच्या अगदी पोटाशी. तळीयेला दरड आली त्यानंतर आमच्याकडे डोंगराकडे बघायची लोकांची नजरच बदलली. यांच्या घरालाही, जागा धोक्याची आहे, अशी नोटीस आली. त्यांनी कौलं उतरवली, वासे काढले आणि खालच्या अंगाला नवं घर बांधलं. मागे राहिलं ते एवढं जोतं. मी म्हटलं, "पण आता तिथे घर नाही ना."

"घर नाय. डोंगर हाय ना."

"अहो, पण उन्हाळा आहे. पाऊस कुठाय?"

त्यांनी बियांवरचा हात थांबवला. मग त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा, की वाडीने मिळून तसा नेमच केलाय. त्या जोत्यावर बारा महिने काही ठेवायचं नाही. गाडी नाही, पेंढा नाही, जनावर नाही. सणाला मुंबईचे पाहुणे येतात, गाड्या लावायला जागा मागतात, त्यांनाही नाही.

"उन्हाळ्यात बकरी बांधली," ते म्हणाले, "की पावसात माणूस झोपतो."

मी गाडी काढली आणि खाली उतारावर दगड लावून उभी केली. ती दोनदा पडली. असो.

मुलगी वही घेऊन आली. पाणी, गूळ झाला. मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, मंगळवारचं ते चुकलं बरं का, म्हणजे थोडं चुकलं. मग तीन घालून दाखवला, वर शून्य, खाली शून्य. तिने बघितलं. मान हलवली. आणि जो प्रश्न विचारला त्याने माझी पार तारांबळ उडाली.

"पण सर, छाटल्यावर एक्स वजा तीन उरतच नाही. मग खाली शून्य करणार कोण?"

मी म्हटलं, मूळ राशीत तो होता ना. ती म्हणाली, पण मूळ राशी आणि छाटलेली राशी एकच, किंमत बदलत नाही, हे तुम्हीच शिकवलंय. पानही काढून दाखवलं. माझंच वाक्य, माझ्याच यमकात.

आता मला उदाहरणं सुचायला लागली. मी एसटीच्या पासचं उदाहरण दिलं, ते मध्येच बिघडलं. मग ताटातला पदार्थ, जो नको म्हणून काढून ठेवला तरी त्याची चव राहते, असं काहीतरी म्हणालो, ते मलाही पटलं नाही. मी ओट्यावरून उठलो, अंगणात फेरी मारली, परत बसलो. ती वही उघडी धरून बघत होती. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला चुकीचं पटवणं मला एका मिनिटात जमलं होतं. बरोबर पटवताना अर्धा तास झाला आणि तिच्या कपाळावरची आठी जाईना. उलट आता तिला दोन्ही रीतींबद्दल शंका आली होती. म्हणजे आलो नसतो तर निदान एकीवर तरी भरवसा राहिला असता. पेपरला एक दिवस राहिलेला आणि मी तिच्या गणितात धूळ उडवून दिलेली. परत जावं का, असंही एकदा मनात आलं.

वडील बियांवरून हात फिरवत होते. गाडीचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नसावा, कारण ते कोणालाच न म्हणाल्यासारखं म्हणाले, "घर काढलं म्हणून दरड वाट बदलते काय."

मुलीने वहीतून मान वर केली. वडिलांकडे बघितलं नाही, वरच्या जोत्याकडे बघितलं.

"सर," ती म्हणाली, "तीन म्हणजे ते जोतं हाय."

"म्हणजे?"

"घर आम्ही काढलं. आता तिथं मोकळंच दिसतं. तुम्हाला पण मोकळं दिसलं, तुम्ही गाडी लावली. पण जागा कशी हाय ते घर होतं तेव्हाच कळलं होतं. घर गेलं तरी जागा वर्ज्यच हाय." मग म्हणाली, "आधी जागा बघायची. घर मागनं काढायचं."

"तेच तर मी मघापासून सांगतोय," मी म्हणालो.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. त्यात दुष्टपणा काही नव्हता, पण मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो.

मग मी तिला पाच गणितं दिली. दोनांत छाटण्यासारखं काही नव्हतं, दोनांत होतं, एकात दोन-दोन अवयव वर-खाली सारखे. तिने दरवेळी आधी छेदाचे अवयव पाडले, वर्ज्य आकडे समासात लिहून त्यांना चौकट केली, आणि मग छाटाछाटीला हात घातला. पाचही बरोबर. शेवटचं करताना तिने वर बघितलंसुद्धा नाही. कंपासपेटी उघडून झाकणावरची माझी म्हण तिने पेनाने आडवी खोडली. माझं तोंड उघडतंय हे तिला दिसलं असावं.

"नवी म्हण नको, सर," ती म्हणाली.

वडील हसले. त्यांनी मला कागदाच्या पुडीत काजूच्या बिया बांधून दिल्या आणि गाडी ढकलायला फाट्यापर्यंत आले, कारण ती पडून पडून चालू होत नव्हती. फाट्यावर त्यांनी विचारलं, एकच प्रश्न होता ना हा? मी म्हटलं, हो, एकच. ते म्हणाले, मागल्या वर्षी पण एकच होता. आणि वळून चालायला लागले. उतारभर मला ते वाक्य पुरलं.

रविवारी मी काय केलं ते विचारू नका. घरात बायको म्हणाली, पेपर तुमचा आहे का?

सोमवारी केंद्र महाडच्या बाजूच्या एका कॉलेजात होतं. मला तिथे काही काम नव्हतं. तरी पेपर सुटायच्या तासभर आधीपासून मी गेटसमोर उभा, इतर पोरांच्या आईबापांमध्ये. एका बाईंनी विचारलं, तुमचा मुलगा का मुलगी? मी म्हटलं, मास्तर. त्या जरा सरकून उभ्या राहिल्या. तिचे वडील पलीकडे झाडाखाली उकिडवे बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो, परत गेटशी आलो. असं चार वेळा. पाचव्या वेळी ते म्हणाले, बसा की वो.

ती बाहेर आली ती रमतगमत. मला बघून थबकली. पेपर कसा गेला, कठीण होता का, वेळ पुरला का, हे जे कोणीही विचारतं ते मी काहीच विचारलं नाही.

"आला होता?"

"आला होता."

"तसाच?"

"आकडे वेगळे. पण वर-खाली सारखं होतं." तिने पाण्याची बाटली उघडली, प्यायली, झाकण लावलं. मला त्या झाकणाचा राग आला. "तुमचं उत्तर पण होतं, सर, पर्यायांत. दुसऱ्या नंबरला."

"आणि तू?"

"मी तिसरा केला."

वडिलांनी विचारलं, बरोबर कुठला? ती म्हणाली, तिसरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पण आता माझी मान हलवण्याला काय किंमत, हे त्या दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी परत तिच्याकडे बघितलं.

त्यानंतर निकाल, मग याद्या. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसरीतही नव्हतं. त्या दिवसांत मी मोबाइल इतका बघायचो की घरी संशय आला. शेवटच्या फेरीची यादी लागली त्या संध्याकाळी मी नव्या बॅचला शिकवत होतो आणि फोन वाजला. वडील होते. कातळावर चढून केला होता म्हणे. वारा इतका की निम्मं ऐकू येईना.

"लागलं नाव," ते म्हणाले.

मी विचारलं, किती नंबरावर? काठावर आहे का? किती गुणांनी लागलं?

"ते नाय ठाव. नाव हाय एवढं बघितलं." मग वारा, मग परत त्यांचा आवाज. "तिथं हॉस्टेल पण हाय. परवा निघतो."

त्या एका प्रश्नाने ती आत गेली की त्याच्याशिवायही गेली असती, हे मला कळायचा काही मार्ग नाही. मी गुण मागवून घेऊ शकलो असतो. धीर झाला नाही. दोन्हींपैकी कुठलंही उत्तर आलं असतं तरी मी स्वस्थ बसलो नसतो.

फोन ठेवला आणि फळ्याकडे वळलो. अर्धं गणित लिहिलेलं होतं, पुढचं सुचेना. खडू एका हातातून दुसऱ्या हातात. मी म्हटलं, आज पुढचं नको, आज सुट्टी. नव्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"परत काय चुकलं का, सर?"